चांदरला आलेल्यांनी वनहक्काच्या ग्रामसभेलाही यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री साष्टी तालुक्यातील चांदर येथे रेल्वे रुळांवर जे हजारो लोक जमले होते, त्यांत मीही होते. मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण होणार, त्यासाठी मोले अभयारण्यातील सदाहरित जंगल तुटणार आणि साष्टीतील रेल्वेलगतच्या घरांवर कोळशाची भुकटी साचणार, हे ध्यानात आल्यावर ज्यांनी मोल्याचा घाट जन्मात पाहिला नव्हता, असे लोकही त्या रात्री घराबाहेर पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत देश घरात बसलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठक घेऊन संरक्षित जंगलांतील प्रकल्प हातावेगळे केले होते. मोल्याच्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी मंत्रालयाला पत्रे लिहिली, विद्यार्थ्यांनी चित्रे काढली, गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने न्यायालयीन लढा दिला. अखेर ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या, मोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या टप्प्यातील दुपदरीकरणाची मान्यता रद्द केली. नव्याने अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव मांडण्याची मुभा रेल्वेला आहे, त्यामुळे हा विषय कायमचा मिटला असे म्हणता येत नाही. तरीही लोक एकत्र आले नसते तर तेवढेही झाले नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला लिहायचे आहे ते या लढ्यातून सुटून गेलेल्या एका बाजूविषयी. आपण जंगल वाचवण्यासाठी जमलो. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क लिहून मिळावेत म्हणून मात्र आपण तसे कधीच जमलो नाही.

सांगे तालुक्यात मी अनेक वर्षे शिक्षिका होते. माझ्या वर्गातील बरीच मुले वेळीप आणि गावडा समाजाची असत. त्यांचे आजोबा डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करून नाचणी पिकवत, देवराईतील वाळलेली फांदीसुद्धा घरी आणत नसत, आणि कोणत्या ओहोळाला मे महिन्यातही पाणी असते हे त्यांना कोणाला विचारावे लागत नसे. या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ साली मिळाला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबाचा आणि गावाच्या जंगलावर गावाचा हक्क मान्य करणारा हा कायदा आहे. गोव्यात दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले, आणि कायद्याला इतकी वर्षे लोटूनही त्यांतील बहुसंख्य दावे दीर्घकाळ पडून राहिले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दावा भरला तेव्हा तो मुलगा शाळेत होता. आता तो स्वतः बाप झाला आहे. एकदा नकाशा नाही म्हणून, एकदा पाहणीला अधिकारी नाहीत म्हणून, एकदा कागद दुसऱ्या कार्यालयात गेले म्हणून, असे करत त्यांच्या चपला झिजल्या.

सरकारी दिरंगाईबद्दल आपण बोलतोच. परंतु दावे रखडण्याचे आणखी एक कारण असे आहे की, त्याचा दोष सर्वस्वी सरकारच्या माथी मारता येत नाही. ते कारण म्हणजे कोरम, सभेला लागणारी किमान उपस्थिती. गावच्या वनहक्क समितीने तपासलेला दावा ग्रामसभेपुढे येतो, आणि त्या सभेला निम्मे सभासद हजर असावे लागतात, त्यांतही किमान एकतृतीयांश स्त्रिया. कायद्याने वाडीलाही गाव मानले आहे, पण आपल्याकडे सभा भरते ती बहुधा संपूर्ण पंचायतीची. मोठ्या पंचायतीत दावेदार असतात दोन-तीन वाड्यांतले, आणि उरलेल्या मतदारांना आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. पायपीट करून आलेली माणसे सभागृहात बसून राहतात, संख्या भरत नाही, आणि सभा पुढे ढकलली जाते. एका रात्रीत रुळांवर हजारोंनी जमणाऱ्या गोव्यात शेजाऱ्याच्या हक्कासाठी तेवढी माणसे रविवारी सकाळी पंचायतीत जमू नयेत, याचे मला फार दुःख होते.

याची किंमत जंगलही मोजते. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. ज्या धनगर कुटुंबावर गुन्हा नोंदला गेला, त्यांची गुरे वाघांनी मारली होती. त्या कृत्याचे समर्थन मी करत नाही. पण गोव्यात धनगरांना अनुसूचित जमातींचा दर्जा नाही, त्यामुळे वनहक्क मागताना त्यांना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि गुरांमागे हिंडलेल्या माणसाकडे असा कागद कोठून असणार? ज्याचे घरच कायद्याच्या लेखी अतिक्रमण आहे, त्याने जंगलाचा राखणदार व्हावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी म्हादई व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात वनवासींचे दावे शक्यतो बारा महिन्यांत निकाली काढा असेही सांगितले होते. व्याघ्रप्रकल्पावरून सभा झाल्या, मोर्चे निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या बारा महिन्यांचा हिशेब मात्र फारसा कोणी मागितला नाही. वास्तविक, हक्कांची नोंद पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय व्याघ्रप्रकल्पातून कोणाला हलवता येत नाही, असे कायदाच सांगतो. म्हणजे पर्यावरणवाद्यांनी आणि व्याघ्रप्रकल्पाला भिऊन विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनी मिळून करावी अशी पहिली मागणी हीच आहे. व्याघ्रप्रकल्प व्हावा असे माझे मत आहे, आणि हे दावे आधी निकाली निघावेत असेही माझे मत आहे.

ग्रामसभेचे बळ काय असते याची उदाहरणे दूर नाहीत. ओडिशातील नियामगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेथील ग्रामसभांवर सोपवले, आणि बाराच्या बारा सभांनी नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांचा तो डोंगर आजही उभा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपल्याच परवान्याने विकू लागले. मोल्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या गावाकडे असा हक्क कागदावर असता, तर २०२० मध्ये त्या गावाचा आवाज डावलणे इतके सोपे गेले नसते.

आपल्या वृत्तपत्राने मोले आंदोलनाच्या सभांची ठिकाणे आणि वेळा त्या काळात नेमाने छापल्या, हे मला आठवते. सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा आणि सत्तरी या तालुक्यांत ज्या ग्रामसभांपुढे वनहक्काचे दावे येणार आहेत, त्यांच्या तारखाही दर शनिवारी छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. कोरममध्ये त्या त्या पंचायतीचे मतदारच मोजले जातात. तेव्हा चांदरला येऊन गेलेल्या आणि या तालुक्यांत मतदान असलेल्या प्रत्येकाने, विशेषतः स्त्रियांनी, ती तारीख पाहावी आणि जाऊन बसावे. माझ्या पंचायतीतील पुढील सभेला मी जाणार आहे, आणि वाड्यावरच्या चौघी शेजारणींना बरोबर नेणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सांगे, गोवा