घायपाताची टोपली आणि बाबांची काठी

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो पण रेंज गेली की निम्मं राहूनच जातं, आणि काल जे बघितलं ते असं तुटक तुटक सांगण्यासारखं नाहीये, म्हणून लिहायलाच बसले. आई, चष्मा लावून वाच, नाहीतर बाबा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

काल शनिवार, म्हणून मसाई मार्केटला गेले होते. हा बाजार रोज एका जागी नसतो, आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखं वार ठरलेले, शुक्रवारी व्हिलेज मार्केट मॉलला, शनिवारी नैरोबी शहरात हायकोर्टाच्या पार्किंगमध्ये, रविवारी याया सेंटरला. एरवी जिथे वकिलांच्या गाड्या लागतात तिथे डांबरावर चादरी पसरलेल्या आणि त्यावर मणी, टोपल्या, लाकडी जिराफ, दगडी वाट्या, मसाई लोक अंगावर घेतात त्या लाल चौकड्यांच्या शुका, नुसते रंगच रंग! आत शिरल्या शिरल्या एक मुलगा कागद-पेन घेऊन बरोबर चालायला लागला, तुम्ही फक्त आवडलं ते दाखवा, मी सगळं एकत्र गोळा करतो, भाव शेवटी बोलू म्हणे. ऑफिसातल्या मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं की त्यात कमिशन चढतं आणि ज्याने वस्तू केली त्याच्या हाताला कमी लागतं, म्हणून मी त्याला नको म्हटलं. मला करणाऱ्या बाईशीच बोलायचं होतं.

आणि भेटली पण! मचाकोस भागातली, कांबा समाजाची, आई तुझ्याच वयाची असेल. इथे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात, मामा म्हणजे आई. तिच्या पुढ्यात किओंडो होते, म्हणजे इथल्या गोल विणलेल्या टोपल्या, वर चामड्याचे बंद. मी हात लावला आणि बाबा, मला एकदम आप्पांचा मळा आठवला, कारण ते चक्क घायपात होतं! तेच बांधावरचं, काटेरी पानाचं, ज्याचा वाख काढून आप्पा दावी आणि कासरे वळायचे. इथे त्याला सायसल म्हणतात. मामा बोलता बोलता वाख मांडीवर ठेवून तळहाताने दोरा वळत होती, अगदी आजी दुपारी वाती वळायची तसं, न बघता, आणि मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं.

भाव केला, केला नाही असं नाही. तिने अडीच हजार शिलिंग सांगितले, आई, मी तुझ्या पद्धतीने निम्म्यावरून सुरुवात केली, 'पुंगुझा किडोगो' म्हणजे थोडं कमी करा, एवढं एक वाक्य पाठ करून गेले होते. ती हसली आणि टोपली उलटी करून माझ्या हातात दिली, मध्यावरून सुरू होणारे वेढे बोटाने दाखवले, म्हणाली घरचं, शेतातलं आवरून विणायला बसते, एकीला तीन आठवडे जातात. त्यानंतर मला घासाघीस करवेना. अठराशे दिले, आपले साधारण अकराशे-बाराशे रुपये. आई तू पंधराशेत आणली असतीस, पण तीन आठवड्यांचे अठराशे मला जास्त वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. तिने ती जुन्या पेपरात गुंडाळून दिली, इथे 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती खरंच पाळतात.

तुझ्यासाठी एक कांगा पण घेतलाय. सुती कापड, चारी बाजूंनी काठ, जोडीने विकतात आणि प्रत्येकावर खाली स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, बायका ती ओळ वाचून, विचार करून कांगा निवडतात. तुझ्या कांग्यावर लिहिलंय 'नानी कामा मामा'. तुला वाटेल नातेवाईकांची नावं आहेत, पण अर्थ आहे आईसारखं कोण. या भाषेत असं सारखं होतं बघ, पेसा, दवा, साबुनी, रंगी, चाय, चपाती, निम्मा बाजार न शिकताच कळतो.

चिऊला मण्यांचं कडं घेतलं. मसाई बायका ओवतात, लाल म्हणजे शौर्य, निळा आभाळ आणि पाण्याचा, पांढरा दुधाचा, हिरवा गवताचा, ज्यांचं सगळं गुरांवर चालतं त्यांचे रंग असेच असणार. देव्हाऱ्यासाठी छोटी दगडी वाटी आहे, किसी भागातल्या टबाका गावच्या मऊ दगडाची, आपल्या शंखजिऱ्यासारखा दगड, दगड ओला असतानाच पुरुष तो कोरतात आणि बायका पाण्यात घासून गुळगुळीत करतात. जपून धर, पडली तर फुटेल.

आता बाबा, तुमचं. मी काठी घेतलीये, आणि वाचून लगेच पान उलटू नका. तुम्हाला लाकूड कळतं म्हणून सांगते, काळ्या लाकडाच्या पुष्कळ वस्तू एबनी, म्हणजे आबनूस, म्हणून विकतात आणि असतं साधंच लाकूड बूटपॉलिश लावलेलं, ओला रुमाल घासला की काळा होतो. मी घासून बघितला, दोन दुकानं सोडली, तिसऱ्याकडे ऑलिव्हच्या लाकडाची मिळाली, रंग न दिलेली, तिच्या रेषा बघत बसाल तुम्ही. कांबा लोकांनी हे लाकडाचं कोरीवकाम पहिल्या महायुद्धाच्या काळात टांझानियातल्या कारागिरांकडून उचललं, वामुन्यू गावचे मुतिस्या मुंगे त्यातले पहिले मानतात, आणि मग गावंच्या गावं त्यावर जगली. मागच्या महिन्यात बाथरूमपाशी तोल गेला ते मला आईकडून कळलं, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी इतक्या लांब आहे बाबा, मला रात्री झोप लागत नाही. फिरायला जाताना ती हातात घ्या, माझ्यासाठी घ्या.

आणि आई, टोपली शोकेसच्या कपाटात ठेवायची नाही. भाजीला ने, मेथी, कोथिंबीर, कांदे, सगळं घाल, चार-पाच किलो सहज पेलते.

एक काम आहे. मामाला मी सांगितलं की आमचे आजोबा पण याच झाडाची दोरी वळायचे, तर तिने विचारलं, मांडीवर वळायचे की दोघं मिळून, आणि दोन पदरी की तीन? मला आठवेना. बाबा, तुम्ही आप्पांबरोबर बसायचात ना, जमलं तर वळून दाखवा, आईला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि शुक्रवारपर्यंत पाठवा, शनिवारी मी तिला नेऊन दाखवणारे.

तुमची,
छकुली