जालन्याच्या वास्तू आणि जालन्याचे पाणी

जालना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीत नातवंडांना घेऊन येतो आहेस हे वाचून फार आनंद झाला. त्यांना गावातल्या कोणत्या जुन्या वास्तू दाखवाव्यात असे तू विचारले आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जालन्याचा सार्वजनिक इतिहास समजून घ्यायचा असेल, तर पाण्यापासून सुरुवात करावी. इथल्या किल्ल्याचे, छावणीचे, कचेऱ्यांचे धनी राजवटीगणिक बदलत गेले. गाव टिकले ते कोणीतरी वेळोवेळी त्याच्या पाण्याची सोय केली म्हणून.

तेव्हा पहिल्याच दिवशी मुलांना मोती तलावाच्या बांधावर न्यावे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात जमशेदखान हा इथला अधिकारी होता. त्याने १५७८ मध्ये काळी मशीद बांधली, तिच्यालगत हमाम म्हणजे स्नानगृह आणि प्रवाशांसाठी सराई उभारली, आणि हा तलावही त्यानेच करवून घेतला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आणलेले होते आणि त्यांतला मुख्य हौद सराईच्या चौकात होता. मशीद, हमाम, सराई आणि तलाव यांचा विचार ज्याने एकत्र केला, त्याला परगावाहून थकून आलेल्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या जनावरांना सर्वांत आधी काय लागते हे नेमके कळलेले होते. छत्रपती संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरीचे, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचे, कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो, आणि ते योग्यच आहे. पण मलिक अंबरने ती नहर आणली त्याच्या आधीच आपल्या जालन्यात जमिनीखालून पाणी वाहत होते, ही गोष्ट इथल्या मुलांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. शाळांच्या सहली वेरूळला आणि दौलताबादला जातात. त्या जाव्यातच, पण एखादी सकाळ या बांधावरही घालवायला हवी.

तिथून मस्तगडावर जावे. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने हा किल्ला १७२५ च्या सुमारास बांधला. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज आणि बांधकामाची नोंद करणारा फारसी शिलालेख, असे त्याचे रूप आहे. पुढे तो शिंद्यांच्या ताब्यात असताना, असईच्या लढाईच्या अवघे तीन आठवडे आधी, २ सप्टेंबर १८०३ रोजी, इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने तो घेतला. लढायांच्या या हकिकती मुलांना आवडतीलच. तू मात्र त्यांना आतल्या विहिरीबद्दल अवश्य सांग. ती मोठी असून तिच्या पोटात सज्जे आणि दालने काढलेली आहेत. वेढा पडला तर शिबंदीला पाणी पुरावे आणि उन्हाळ्यात गारव्याला बसायला जागा व्हावी, अशा दोन्ही हेतूंनी अशा विहिरी बांधीत. नंतरच्या काळात याच गढीत नगरपालिकेचे कार्यालय थाटले गेले. जुन्या वास्तूंना कुलूप लावून त्या जपण्यापेक्षा त्यांत माणसांची ये-जा राहिलेली मला अधिक पसंत आहे. जिथे किल्लेदार बसत असे तिथे नळपट्टी भरायला आलेला माणूस रांगेत उभा राहिला, यात किल्ल्याचा कमीपणा झाला असे मला वाटत नाही.

छावणीविषयी थोडक्यात सांगतो. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी इथे १८२७ मध्ये वसली आणि १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाल्यावर मोडली. जालन्याजवळचे बेथेल हे गाव याच काळातले. नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या विद्वान ब्राह्मणाने ते निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून मिळालेल्या जमिनीवर वसवले. १९०० मध्ये मनमाडहून रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला आणि कुंडलिका नदीच्या पलीकडचे कादराबाद, म्हणजे आपले नवीन जालना, भरभराटीला आले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण पाळण्यातल्या माणसांना प्यायला पाणी लागते हे या भरभराटीच्या काळातच ठळकपणे जाणवू लागले.

त्यातून घाणेवाडीचा तलाव झाला आणि माझ्या दृष्टीने जालन्यातले सर्वांत मोठे सार्वजनिक काम हेच आहे. कुंडलिकेवर, शहरापेक्षा उंच जागा पाहून, १९३० नंतरच्या काही वर्षांत तो बांधला गेला. उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप शहरात येते. बेझनजी फरीदुनजी जालनावाला या पारशी उद्योजकाचे नाव लोक या तलावाशी जोडतात. ज्या गावाने आपल्याला वैभव दिले त्याचे नाव आडनावात वागवणाऱ्या माणसाची आठवण लोकांनी पाण्यासोबत ठेवावी, हे मला फार उचित वाटते. आज त्या तलावाला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. २०१२-१३ च्या दुष्काळात, ज्याची तुलना सगळेजण १९७२ शी करीत होते, तो कोरडा पडला. पण शहरातले उद्योजक आणि नागरिक त्यातला गाळ काढण्याच्या कामाला आधीच लागलेले होते, आणि तो गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेऊन टाकला. सरकारकडे बोट न दाखवता गावाने आपला तलाव स्वतः उपसला, याचा जालनेकर म्हणून मला मनापासून अभिमान आहे. जायकवाडीचे पाणी शहरात आले म्हणून घाणेवाडीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

जालना एज्युकेशन सोसायटीच्या, म्हणजे जेईएस महाविद्यालयाच्या फाटकाशीही जरूर थांब. १९५८ पासूनच्या या महाविद्यालयाच्या नावात कला शाखेला बगडिया, वाणिज्य शाखेला लाखोटिया आणि विज्ञान शाखेला बेझनजी अशी नावे आहेत. मोंढ्यातला पैसा शिक्षणाकडे कसा वळला ते त्या एका पाटीवर वाचता येते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हेही मुलांना सांग, कारण बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचे नाव त्यांच्यामुळे देशभर गेले.

माझी एक इच्छा आहे आणि तिला तुझी मदत हवी आहे. मोती तलाव, काळी मशीद, मस्तगडाची विहीर आणि घाणेवाडी या चारही ठिकाणी मराठीत आणि उर्दूत चार ओळींची पाटी असावी, असा अर्ज मी महानगरपालिकेला करणार आहे. मसुदा तू लिहावास, कारण सरकारदरबारी चालेल अशी भाषा तुझ्या हाताला आहे. दिवाळीपूर्वी पाठवलास, तर तू इथे असतानाच आपण दोघे मिळून तो देऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेही