बाळ्या, तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस की इथे अमेरिकेत, टेक्सासमध्ये, मी पोलिसांसाठी करतो ते चॅप्लेनचं काम नक्की चालतं कसं आणि आपल्या पोलीस लाईनीत असलं काही करता येईल का, तेव्हा मी घाईत दोन वाक्यं बोललो आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. तीस वर्षं खाकी घातलेला माणूस रिटायर झाल्यावर असं विचारतोय, आणि मधेच जुन्या ठाण्यातल्या त्या पोराचं सांगता सांगता गप्प होतोय, त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय, एका दमात वाचून झालं नाही तर दोन दिवसात वाच.

चॅप्लेन म्हणजे पाद्री असंच सगळ्यांना वाटतं. शब्द चर्चमधलाच आहे, पण पोलिसातला चॅप्लेन कुठल्याही धर्माचा असू शकतो. तो गुन्ह्याचा तपास करत नाही, सहसा बंदूक बाळगत नाही, कोणाला आपल्या धर्मात ओढत नाही. पोलिसांच्या आणि ज्यांच्या घरी पोलिसांना वाईट बातमी घेऊन जावं लागतं त्यांच्या बाजूला उभा राहतो, एवढंच त्याचं काम. अशा लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारख्या), प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, लोकांनी निवडून दिलेला, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम बिनपगारीच असतं, आमचंही तसंच आहे.

मी यात आलो २०१९ नंतर. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत संदीप धालीवाल नावाचा शीख डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, होता, २०१५ मध्ये त्याला पगडी आणि दाढी ठेवून ड्युटी करायची परवानगी मिळाली होती. २७ सप्टेंबर २०१९ ला रस्त्यात एक गाडी तपासायला थांबवून तो आपल्या गाडीकडे परत चालला होता आणि त्या गाडीच्या चालकाने त्याला मागून गोळी घातली. पोलिसी सलामी आणि शीख पद्धतीचे अंत्यसंस्कार एकत्र झाले, हजारो माणसं आली होती. ते पाहून मी घरी आलो आणि मला झोप लागेना, आमच्या खात्यात असं काही झालं तर घरच्यांची रीतभात कोणाला माहीत असेल असं वाटत राहिलं. मंदिराच्या कमिटीचं पत्र घेतलं (कुठल्या तरी धर्मसंस्थेचं असं पत्र लागतं), बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, ट्रेनिंग, सगळं केलं. गेली तीन वर्षं अकरा जणांचं रोस्टर मीच सांभाळतो. त्यात बाप्टिस्ट पास्टर आहेत, एक कॅथलिक डीकन (चर्चमधला सेवक), एक इमाम, एक म्हातारे रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि मी. दोघादोघांची जोडी, एका जोडीकडे एक आठवडा, त्या आठवड्यात फोन उशाशी.

आता एक रात्र सांगतो. पावणेदोनला डिस्पॅचचा, म्हणजे कंट्रोल रूमचा, फोन आला. हायवेवर अपघात, मुलगा जागेवर गेलेला, घरी फक्त आई, भारतातून आलेली, इंग्रजी येत नाही. लायसन्सवरचं आडनाव बघून मला बोलावलं होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला चार गोष्टी घोकून घेतात: फोनवर कधीच सांगायचं नाही, समोर जायचं. एकट्याने जायचं नाही. आधी खात्री करायची की माणूस तोच आहे. आणि आडवळणाने बोलायचं नाही. चौथी गोष्ट मी इंग्रजीत पाठ केली होती, मराठीत तोंडात भलतंच आलं. माऊलीने दार उघडलं आणि मी म्हणालो, "आई, तुमचा मुलगा गेला."

ती म्हणाली, "कुठे गेला? दहाला सुटतो तो."

बाळ्या, ओट्यावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं दिसत होतं मला. मग परत सांगावं लागलं, अपघात झाला आणि त्यात तुमच्या मुलाचा मृत्यू झाला. आपल्या भाषेत मरणाला गेला, वारला, देवाज्ञा झाली असं किती मऊ करून ठेवलंय, पण त्या दारात तो मऊपणा त्या बाईला दोनदा मारून गेला, पहिल्यांदा तिला कळलंच नाही म्हणून. ती तिथेच जमिनीवर बसली, मीही बसलो. चोवीस वर्षांचा डेप्युटी टोपी हातात धरून भिंतीला टेकून उभा. चारच्या सुमाराला ती उठली, ताटातली भाजी एका डब्यात काढली, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि परत येऊन बसली. साडेसहाला मंडळातल्या दोन बायका आल्या तोवर आम्ही तिघे तसेच. बाहेर आल्यावर त्या पोराने दहा मिनिटं गाडी चालूच केली नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून स्वतःच्या आईबद्दल बोलत राहिला. आमचं काम त्या बाईसाठी होतं तितकंच त्याच्यासाठी होतं हे मला तेव्हा समजलं.

म्हणूनच माणसं निवडताना मी फार कडक आहे. खूप बोलणारा मी घेत नाही. एकाने शोकातल्या घरात आपल्या पंथाची पत्रकं वाटली, त्याला दुसऱ्याच दिवशी थांबवलं, चांगला माणूस होता पण इथे चालणार नाही. महिन्याला काही तास प्रत्येकाने गस्तीच्या गाडीत बसायचंच, ते नसेल तर पोलीस आपल्याला ओळखणारच कसे. पहिले दोन-तीन महिने ते फक्त हवापाण्यावर बोलतात. मग एखाद्या रात्री तीन वाजता, दोघांची नजर समोरच्या रस्त्यावर असताना, कोणीतरी म्हणतं की घरी बोलणं बंद आहे, किंवा त्या लहान मुलाची केस डोक्यातून जात नाही. २०१७ साली अमेरिकेत ड्युटीवर १२९ पोलिसांचा मृत्यू झाला आणि आत्महत्या करणारे निदान १४० होते, हा आकडा मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

आणि गुप्तता. टेक्सासच्या पुराव्याच्या नियमांत ५०५ नंबरचा नियम आहे, धर्मोपदेशकाजवळ विश्वासाने बोललेलं बोलणाऱ्याच्या मर्जीशिवाय उघड होत नाही. लहान मुलाच्या छळाचं कळलं तर मात्र कळवावंच लागतं, ते आम्ही आधीच सांगून ठेवतो. एकदा एका वरिष्ठाने मला बाजूला घेऊन विचारलं की अमका काय म्हणतोय. मी म्हणालो साहेब, माझ्या रिपोर्टात तास असतात, नावं नसतात. त्यांना राग आला, पण ही गोष्ट खात्यात पसरली आणि त्यानंतर फोन वाढले.

आता तुझं. आपल्याकडे वकिलाजवळ बोललेल्याला कायद्याचं संरक्षण आहे, तसं चॅप्लेनसारख्या माणसाजवळ बोललेल्याला नाही, म्हणून एसपी साहेबांकडून आधीच शब्द घे, जमलं तर लेखी, की तुला कोणी काही विचारणार नाही. धर्माचं नाव घ्यायची गरज नाही. खरी अडचण हुद्द्याची आहे, शिपाई तुला साहेबच म्हणणार आणि साहेबासमोर सगळं बरंच चाललेलं असतं. त्यामुळे ऑफिसात बसू नकोस, लाईनीतल्या पारावर बस, सोबत खात्याबाहेरचा एखादा मास्तर किंवा डॉक्टर घे. विसर्जनाच्या बंदोबस्तानंतर दुसऱ्या दिवशी पोरांचे पाय सुजलेले असतात, त्या दिवशी जा. देवनारला २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला तो एका शिपायाच्याच डोक्यातून निघाला होता, तेव्हा खालून आलेलं आपल्या खात्यात चालत नाही असं मला म्हणू नकोस. दोन माणसं आणि एक मोबाईल, सुरुवातीला एवढं पुरे.

मी डिसेंबरात येतोय, तेव्हा बसून रोस्टर करू. पण तोवर तुझ्या जुन्या ठाण्यातल्या त्या पोराच्या घरी जाऊन ये. सल्ला देऊ नकोस, त्याची बदली, सस्पेन्शन काही काढू नकोस, चहा घे आणि बस. मग मला फोन कर, इथे रात्र असली तरी कर.

वहिनींना नमस्कार, काकींना साष्टांग.

तुझा,
विन्या