‘बरं आहे’च्या पुढचं विचारा : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सादर नमस्कार.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. घरात आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप घासायला लागला, नोटा मोजताना घासतो तसा. आम्हाला वाटलं, जन्माची सवय आहे, सुटत नाही. आईसुद्धा म्हणायची, “अहो, पुरे झाली मोजणी.” तो पार्किन्सन्स होता, हात थरथरवणारा आणि हालचाल मंदावणारा मेंदूचा आजार. त्याला आता नऊ वर्षं झाली.

दर तीन महिन्यांनी आम्ही त्यांना दाखवायला नेतो. डॉक्टर विचारतात, “काय अण्णा, कसं काय?” अण्णा म्हणतात, “बरं आहे.” केसपेपरवर बीपी लिहिलं जातं, त्याच गोळ्या पुन्हा लिहिल्या जातात आणि पुढच्या पेशंटला हाक मारली जाते. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर बाकड्यांवर जागा नसते, लोक जिन्यात उभे असतात. पण आपल्याकडे ‘बरं आहे’ ही बोलण्याची रीत आहे. भेटलेल्या माणसापुढे, त्यातून डॉक्टरांपुढे, आपलं गाऱ्हाणं मांडायचं नाही ही आमच्या वडिलांच्या पिढीची शिकवण. नऊ वर्षांच्या केसपेपरची फाईल माझ्याकडे आहे. त्यात अण्णांचं बीपी कधी किती होतं ते सगळं सापडतं. ते कसे जगतात, हे एकाही पानावर नाही.

ते लिहिलं जावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या वर्षी मला कळलं की हे मोजता येतं आणि जगात मोजलंही जातं. १९९५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांशीच बोलून ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिचं नाव पीडीक्यू-३९. गेल्या महिन्याभरात अमुक त्रास कधीच झाला नाही, क्वचित झाला, कधीकधी, बऱ्याचदा की सतत, एवढंच रुग्णानं सांगायचं. चालणं-फिरणं, रोजची कामं, मन, लाज, घरच्यांचा आधार, लक्ष आणि स्मरण, बोलणं, अंगदुखी असे तिचे आठ भाग आहेत. शून्य ते शंभर असे गुण निघतात. आकडा जितका मोठा तितकं जगणं कठीण. त्याआधीपासून, १९६७ पासून, आजार किती पुढे गेला हे ठरवायला डॉक्टर वापरतात ती होन आणि यार यांची पाच टप्प्यांची पट्टी आहेच. तीही लागतेच. पण त्या पट्टीत डॉक्टरांना दिसतं ते येतं आणि प्रश्नावलीत माणसाला भोगावं लागतं ते येतं.

एका रविवारी दुपारी मी ते प्रश्न माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत करून अण्णांना वाचून दाखवले. त्याआधी त्यांच्या वतीने माझी उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून ठेवली होती. मला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे. मी चालण्याला सर्वात वाईट खूण केली होती, कारण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळतात. आम्ही तिथे फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं, नुसतं ‘चला’ म्हटलं तर उचलत नाही. आमच्या डोळ्यांपुढे दिवसभर हेच असतं.

अण्णांनी चालण्याला मधली खूण केली. “पट्टी आहे ना आता,” म्हणाले. आजार लोकांपासून लपवावासा वाटतो का, या प्रश्नाशी मात्र ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “मी हात खिशात का घालतो, तुला काय वाटलं?” मला वाटत होतं, थंडी. चारचौघांत खाणं-पिणं टाळता का, या प्रश्नाला “सतत” म्हणाले. प्रेसमधल्या मित्रांबरोबर रविवारची मिसळ त्यांनी चार वर्षांपूर्वी बंद केली होती, ॲसिडिटीचं कारण सांगून. खरं कारण रस्सा सांडतो हे होतं. आणि सगळ्यात वाईट खूण त्यांनी बोलण्याला केली. आवाज बारीक झाला आहे, वाक्य सुरू व्हायला वेळ लागतो आणि ते पूर्ण व्हायच्या आत आम्हीच ते पुरं करून टाकतो. “तुम्ही माझं बोलणं संपू देत नाही.” हे ते मला म्हणाले, मंत्री महोदय. रोज त्यांना गोळ्या देणाऱ्या मुलीला.

नऊ वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

आता दिव्यांग प्रमाणपत्राचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स हे दोन आजार नव्या कायद्याच्या यादीत दीर्घकालीन मज्जाविकार, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे आजार, म्हणून नाव घेऊन लिहिलेले आहेत. फार मोठी गोष्ट झाली ती. पण बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि टक्के ठरतात ते तपासणीच्या त्या काही मिनिटांत.

अण्णांच्या गोळीत लेव्होडोपा असतो. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, ती कमतरता ही गोळी भरून काढते. पहिली काही वर्षं दिवस सरळ जातो. पुढे पुढे गोळीचा अंमल दोन-तीन तासांवर येतो. अंमल असतो तेव्हा माणूस चालतो-बोलतो आणि तो उतरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. तपासणीच्या दिवशी रिक्षात चढता यावं म्हणून आईनं नऊला गोळी दिली. दहाला अण्णा प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे होते. चार पावलं चालून दाखवली, वळून दाखवलं, शर्टाचं बटण लावलं. त्यांना ३० टक्के मिळाले. सव्वाबाराला त्याच रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांचे पाय असे अडकले की वॉचमन आणि मी, दोघांनी मिळून त्यांना भिंतीपर्यंत आणलं. ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. त्यांना सव्वाबाराचे अण्णा दाखवायची सोय कुठल्याच रकान्यात नव्हती.

हे एकट्या पार्किन्सन्सचं नाही. त्याच बाकड्यावर निफाडकडची एक मुलगी आईबरोबर बसलेली होती. तिला दोन वर्षांत एकदाही फीट आलेली नाही. तिच्या कागदावर ‘फीट नाही’ असं लिहिलं जातं, म्हणजे उपचार यशस्वी. पण गोळ्यांनी डोकं जड राहतं म्हणून तिनं कॉलेज सोडलं, आणि विहिरीवर, गॅसपाशी तिला एकटीला कोणी जाऊ देत नाही. लग्नाची बोलणी दोनदा मोडली. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची, म्हणजे फीटच्या आजाराची, आडकाठी १९९९ मध्येच काढून टाकली आहे, हे तिच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिच्या आईनं ते दोनदा विचारून घेतलं. अपस्माराच्या रुग्णांसाठीही ३१ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. त्यात फीट येईल याची भीती, गोळ्यांचे परिणाम, थकवा, लोकांत मिसळणं हे सगळं येतं. त्या मुलीला ती कोणी दिली तर ‘फीट नाही’ या दोन शब्दांच्या मागे काय काय आहे ते कळेल.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती शरीर, मन आणि नातेसंबंध यांच्याबरोबर घर, पैसा, वाहतूक, दवाखान्याची सोय हेही विचारते. ईक्यू-५डी तर पाचच प्रश्नांची आहे : हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, वेदना, चिंता किंवा उदासी. सोबत थर्मामीटरसारखी एक उभी पट्टी, शून्य ते शंभर, ‘आज तब्येत कशी आहे तिथे खूण करा’. बाहेर बाकड्यावर वाट बघता बघता हे भरून होईल. मज्जाविकाराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरला हे एक पान जोडा आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरून घ्या. मागच्या पानाशी ताडून पाहिलं की औषध लागू पडतंय का हे तर कळेलच. फिजिओथेरपी हवी की मनाचा डॉक्टर हवा, हेही कळेल.

पण ते मराठी नुसतं भाषांतराचं नको. इंग्रजी प्रश्नावलीत ताटातलं अन्न कापायला त्रास होतो का असं विचारलं आहे. आमच्याकडे कोण कापतं? भाकरी मोडता येते का, भात कालवता येतो का, असं विचारा. बुटाच्या नाड्यांऐवजी धोतराच्या निऱ्या, साडीच्या निऱ्या, पायजम्याची नाडी विचारा. आणि सुरगाणा-पेठकडे कोकणा बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘नैराश्य’ हा शब्द कळेल का, हे तिथे जाऊन तपासा. हे काम करायला दूर जायला नको. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, नाशिकला, म्हसरूळला. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे याची मला कल्पना आहे, पण दोन खात्यांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून ठरवलं तर नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांकडून गावोगाव प्रश्न पारखून घेता येतील. मूळ प्रश्नावल्यांचे हक्क राखीव असतात, त्यांची परवानगी शासनानं घ्यावी. एकेका दवाखान्याला ते झेपणार नाही.

गावपातळीवर तर अर्धं काम आशाताई करतातच. तिशीच्या वरच्या लोकांचा जो फॉर्म त्या भरतात, त्यात फीट येते का हा प्रश्न आहे. साठीच्या पुढच्यांना उभं राहताना, चालताना तोल जातो का, खाण्या-आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का, हेही त्या विचारतात. ‘हो’ असं उत्तर आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते बघा. सुरगाण्याहून नाशिकला येऊन-जाऊन दिवस मोडतो आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसला तरी पुष्कळ आहे. तो कुठे आधी बसवायचा, ते याच पानांवरून ठरवता येईल.

प्रमाणपत्राच्या बोर्डालाही सांगा : गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा बघा, आणि माणसानं स्वतः भरलेलं पान फाईलला लावा. एक भीती मात्र आहे, ती आत्ताच सांगते. या गुणांचा आकडा सवलत नाकारण्यासाठी कोणी वापरू नये. लोकांना एकदा तसा वास आला की ते खरं सांगणं बंद करतील, किंवा आहे त्याहून वाईट सांगतील, आणि मग ते पान असून नसल्यासारखंच होईल.

आईबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तिला आवडणार नाही. तरी लिहिते. अण्णांना रात्री कुशीवर वळता येत नाही. आई दोन-अडीच तासांनी उठते, त्यांना वळवते, उशी लावते. तिचं वय सत्तर. तिला विचारलं तर तीही म्हणते, “बरं आहे.” त्या पानाच्या मागच्या बाजूला सांभाळणाऱ्या माणसासाठी दोन प्रश्न ठेवा : झोप किती मिळते, आणि तुमच्या जागी बसायला दुसरं कोणी आहे का.

त्या रविवारी शेवटी मी अण्णांना ती शून्य ते शंभरची पट्टी कागदावर काढून दिली. त्यांनी साठवर खूण केली. दुपारची गोळी नुकतीच लागू पडली होती. संध्याकाळी पाचला, गोळीचा अंमल उतरल्यावर, मी तोच कागद पुन्हा पुढे धरला. पेन धरायला वेळ लागला, रेघ वाकडी गेली, पण खूण त्यांनी स्वतःच केली : वीस. खाली तारीख आणि दोन्ही वेळा घातल्या आहेत. सही त्यांचीच आहे, आता ती मुगाच्या दाण्याएवढी झाली आहे. या पत्रासोबत त्या कागदाची प्रत जोडली आहे. अण्णांच्या फेरतपासणीचा अर्ज आम्ही या महिन्यात भरतो आहोत, तेव्हा मूळ कागद बोर्डापुढे ठेवू. तो तिथे फाईलला लावून घेतला जावा, एवढी सूचना आपल्याकडून खाली पोचावी ही विनंती.

आपली,
अण्णांची मुलगी
जेल रोड, नाशिकरोड