टबाचे कौतुक ठीक, पण उठताना सांभाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शॉवरपेक्षा टबातली आंघोळ कशी आरोग्यदायी, हे सांगणारा लेख वाचला. लेख चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. राहून गेलेला अर्धा भाग माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांच्या कामाचा.

लेखाची सगळी भिस्त जपानमधल्या पाहणीवर आहे. सुमारे ३०,००० लोकांची जवळपास २० वर्षे माहिती ठेवून केलेली ही पाहणी २०२० साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. जवळजवळ रोज टबात बसणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला, हा आकडा बरोबर. पण कोणापेक्षा कमी? आठवड्यातून फार तर दोनदा टबात बसणाऱ्यांपेक्षा. शॉवरशी थेट सामना त्यात नव्हताच. शिवाय रोज निवांत पाण्यात पडून राहायची ज्याला सवड आहे, त्याच्या जिवाला मुळातच घोर कमी असू शकतो. संशोधक अशा गोष्टींची वजावट करतात, पण ती पुरती होत नाही.

टबाचे काही गुण शॉवरला नाहीत, हे मान्य. छातीपर्यंत पाण्यात बसले की पाण्याचा दाब चहूबाजूंनी पडतो, पायांतले रक्त हृदयाकडे ढकलले जाते आणि शरीराचा भार सांध्यांवरून उतरतो. शॉवरखाली यातले काही घडत नाही. झोपेचे मात्र वेगळे. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा झोपण्यापूर्वी तास-दोन तास ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते असे दिसले. दहा मिनिटेही पुरतात आणि शॉवरही चालतो. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते, शरीराचे आतले तापमान उतरते आणि डोळे मिटू लागतात.

थंड शॉवरचे भक्त नेदरलँड्समधल्या २०१६ च्या प्रयोगाचा दाखला देतात. आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद गार पाणी घेणाऱ्यांनी आजारपणाच्या रजा २९ टक्के कमी घेतल्या. आजारपणाचे दिवस मात्र कमी झाले नाहीत! कार्यालयातल्या साहेबांना आवडावा असाच हा निष्कर्ष.

आता लेखात नसलेले. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या वर्षी मी अशीच उठले, टॉवेलची दांडी धरली आणि दांडीच उखडून हातात आली. नशीब, टबाच्या काठावर बसले गेले. त्याच जपानमध्ये थंडीच्या दिवसांत टबात वृद्धांचे मृत्यू होतात, ही तिथली जुनी चिंता आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना पाणी चटका देते तरी कळत नाही. गरोदर स्त्रियांनी फार गरम पाण्यात बसू नये, हेही लिहायला हवे होते.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत एक चौकट द्यावी, ही विनंती: पाणी फार कढत नको, दहा-पंधरा मिनिटे पुरेत, उठण्याआधी टब रिकामा होऊ द्यावा, दाराला कडी नको.

मी हल्ली शॉवरखाली स्टुलावर बसून आंघोळ करते. गुडघ्यांना टबाची आठवण येते, हे मात्र खरे.

आपली,
एक नियमित वाचक