काका, पाट्या लागल्या!

आदरणीय काका,
सा. न.

नाव लिहिलं तर तुम्ही चिडाल, म्हणून नुसतं 'काका'. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

कॉलेजच्या प्रदर्शनात लाल नाकाच्या छोट्या माशांच्या टाकीवर 'रमीनोज टेट्रा' एवढी पाटी लावून आमचं भागलं असतं. दुकानात या एकाच नावाखाली तीन जाती खपतात, हे बघणाऱ्यांपैकी किती जणांना कळणार होतं? तुम्ही मात्र भिंग घेऊन टाकीपुढे स्टूल टाकलंत आणि आम्हालाही शेजारी बसवलंत.

"नाकाकडे नंतर, आधी शेपटी बघा." लाल रंगाचा काय भरवसा? मासा घाबरला, पाणी बिघडलं की उतरला. पिशवीतून नुकते सोडलेले तर सगळेच फिके. शेपटीचे काळे-पांढरे पट्टे त्यामानाने बरेच टिकाऊ. मधल्या काळ्या पट्ट्यातून बारीक रेघ अंगावर पुढे आलेली दिसली, तर ती ऱ्होडोस्टोमस जात. आल या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये वर्णन केलेली, खालच्या ॲमेझॉनकडची. रेघ पुढे येत नाही आणि लाली कल्ल्यांच्या झाकणापलीकडे पसरली आहे, तर ब्लेहेरी. रिओ नेग्रो आणि मेटा या नद्यांच्या खोऱ्यांतली. तिला तर १९८६ पर्यंत स्वतंत्र नावही नव्हतं! तिसरी जॉर्जिए, पेरूच्या बाजूच्या वरच्या ॲमेझॉनची. १९६४ मध्ये तिच्यासाठी पेटिटेला ही वेगळी प्रजाती केली गेली, आणि शौकिनांनी तिला 'खोटी रमीनोज' ठरवलं. २०२० मध्ये डीएनए तपासून बाकीच्या दोघींनाही पेटिटेलातच घातलं. खोटीच्या घरी खऱ्या राहायला गेल्या, हे सांगताना तुम्हाला हसू आवरेना.

टाकीतल्या बहुतेक ब्लेहेरी निघाल्या. कोपऱ्यातल्या फिक्या पिल्लांवर मात्र तुम्ही अडून बसलात: रंग भरलेला नाही, कुठल्या नदीच्या वाणाची ते दुकानदारालाही ठाऊक नाही, तर जात लिहायची नाही. अर्धवट पाटी वाईट दिसते म्हणून कुरकुर झाली. तुम्ही हटला नाहीत. पाटीवर 'पेटिटेला, जात अनिश्चित' असंच लिहिलंय, आणि मला ती सगळ्यांत आवडते.

कोरीडोरास माशांच्या टाकीवर अजून पाटीच नाही. ठिपक्यांवरून आमच्यात दोन तट पडलेत. शनिवारी दुपारी लॅब उघडी असते; चहा-भजी आमच्याकडून.

तुमचा,
टाकी धुणाऱ्या पोरांपैकी एक