बेमॅक्स आमच्याच खात्यातला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या चित्रपटांच्या नावावर निघणाऱ्या मालिकांबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चित्रपटातलं एखादं लाडकं पात्र उचलायचं आणि ओटीटीवर त्याचे आठ-दहा मिनिटांचे भाग काढायचे, हा निव्वळ धंदा आहे, असा लेखाचा सूर होता. पुष्कळ मालिकांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण त्याच ओघात ‘बेमॅक्स!’ ही मालिका एका वाक्यात निकालात काढली, ते मनाला लागलं. मी चौतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. पडद्यावर आमचं काम इतक्या खरेपणाने मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मूळ चित्रपट ‘बिग हिरो ६’ हा डिस्नेचा २०१४ सालचा ॲनिमेशनपट. त्याला ऑस्करही मिळालं. सॅन फ्रान्सोक्यो नावाच्या काल्पनिक शहरात ताडाशी हा तरुण बेमॅक्स हा हवा भरलेला, पांढरा, गुबगुबीत रोबो तयार करतो, तो लोकांची शुश्रूषा करावी म्हणून. ताडाशी आगीत जातो आणि त्याचा धाकटा भाऊ हिरो त्या रोबोच्या अंगावर चिलखत चढवून त्याला लढाईला उतरवतो. चित्रपट चांगलाच आहे, पण मुलांना त्यातली लढाईच आठवते. माझ्या नातवालाही तीच आठवत होती. जून २०२२ मध्ये त्याच चित्रपटाचे एक दिग्दर्शक डॉन हॉल यांनी सहा भागांची मालिका आणली, तेव्हा लढाई बाजूला ठेवली. बेमॅक्स ज्या कामासाठी जन्मला ते काम त्याला परत दिलं. खलनायक नाही, जग वाचवायचं नाही. कोणाचा घोटा दुखावलाय, कोणाला मासळीची ॲलर्जी झालीय, एका मांजराने कानात घालायचा इअरबड गिळलाय. एवढंच. लेखकाला हेच ‘काही घडत नाही’ असं वाटलं. आमच्या वॉर्डातही बाहेरून बघणाऱ्याला काही घडताना दिसत नाही.

बेमॅक्सच्या मऊपणामागे खरं संशोधन आहे. चित्रपटाच्या तयारीत हॉल हे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले होते. तिथे ख्रिस ॲटकेसन यांच्या प्रयोगशाळेत हवेने फुगवलेला रोबोचा हात त्यांनी पाहिला. माणसाच्या अंगाला लागला तरी इजा होऊ नये, म्हाताऱ्या माणसाला भरवता यावं, अशा कामांसाठी तो विचार होता. दोन ठिपके आणि मधली रेघ हा बेमॅक्सचा चेहरा हॉल यांना जपानमधल्या देवळातल्या घंटेवरून सुचला. तोंडच नाही त्याला. हे वाचलं तेव्हा मला २०२०चा उन्हाळा आठवला. पांढरा पीपीई किट, त्यावर चष्मा, मास्क. चेहऱ्याचे डोळे तेवढे उरायचे. आम्ही मार्करने छातीवर नावं लिहायचो. जत तालुक्यातल्या एक आजी रात्री घाबरून उठायच्या, आम्हाला ओळखायच्या नाहीत. मग हातमोज्यातल्या हाताने त्यांचा तळवा धरून बसायचं, झोप लागेपर्यंत. चेहरा नसताना धीर कसा द्यायचा, हे त्या वर्षी आम्ही शिकलो. त्या पांढऱ्या गोळ्याला पडद्यावर बघताना मला तो हात आठवतो.

‘किको’ हा भाग मी तीनदा पाहिला. किको आजींचा खुबा दुखतोय. बेमॅक्स सांगतो, पाण्यातला व्यायाम करा. आजी नाही म्हणतात, कारण पाण्याची भीती मनात घर करून बसलेली. बेमॅक्स रागावत नाही, भाषण देत नाही आणि सोडूनही जात नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या आजींना वॉकर धरून उभं करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, राहू द्या हो, दुखतंय तिला.” पण पडून राहिली तर पाठीला जखमा होणार, छातीत कफ साठणार. मग आज फक्त पाय खाली सोडून बसायचं. उद्या उभं राहायचं, दहा आकडे मोजेपर्यंत. परवा खिडकीपर्यंत. त्या खिडकीपर्यंतच्या चार पावलांत जितकं नाट्य असतं तितकं मला कुठल्या लढाईत दिसलं नाही, आणि हा भाग तेच दाखवतो.

‘सोफिया’ या भागावरून अमेरिकेत वादळ उठलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला शाळेत, कार्यक्रमाच्या दिवशीच, पहिल्यांदा पाळी येते. ती स्वच्छतागृहात अडकून बसते. बेमॅक्स दुकानात जातो आणि पॅडच्या फडताळासमोर उभा राहून आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना विचारतो, कुठलं घेऊ? बाया सांगतात, एक ट्रान्सपुरुषही, म्हणजे बाईच्या शरीरात जन्मून पुरुष म्हणून जगणारा माणूस, आपण काय वापरतो ते सांगतो. मिठाचा ब्रँड सुचवावा तितक्या सहज. वाद त्या माणसावरून झाला. मला विचाराल तर ज्याला पाळी येते तोच सांगणार की कुठलं पॅड बरं.

माझी नात दहा वर्षांची. सुट्टीत ती आणि तिचा भाऊ दोघं आले होते. सोफियाचा भाग सुरू झाल्यावर सुनेचा हात रिमोटकडे गेला. मी म्हटलं, राहू दे. नातवाने विचारलं, “आजी, तिला लागलंय का?” मी म्हटलं, नाही रे, मोठं होताना मुलींच्या अंगात असं होतं, दर महिन्याला. “मग ती रडते कशाला?” “तिला कोणी आधी सांगितलं नाही म्हणून.” त्याने मान डोलावली आणि पुढे बघायला लागला. नात गप्प होती. रात्री अंथरुणात शिरल्यावर तिने मला तीन प्रश्न विचारले. ते इथे लिहीत नाही, पण ते प्रश्न तिला अकराव्या-बाराव्या वर्षी एकटीने सोसावे लागणार नाहीत याचं समाधान फार आहे.

कारण मी दुसरी मुलगीही पाहिली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्रपाळीला तेरा वर्षांची एक पोर अपघात विभागात आणली. दिवसभर काही खाल्लेलं नाही, अंग थरथरतंय. आपल्याला मोठा आजार झालाय आणि आपण मरणार, असं तिने मनाशी धरलं होतं. आई म्हणाली, “कावळा शिवलाय, दुसरं काय!” मुलीला कावळा कुठे दिसलाच नव्हता. मी पडदा ओढला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. अर्ध्या तासात ती चहा-बिस्कीट खाऊन बसली. औषध असं काही दिलंच नाही. आजही दुकानदार पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. २०१८ साली पॅडवरचा जीएसटी उठला, कागद अजून उठलेला नाही.

मालिकेत मला खटकलेलंही सांगते. बेमॅक्स कधी कधी माणूस नको म्हणत असताना मागे लागतो. आम्हाला तसं करता येत नाही, करूही नये. शिवाय त्याच्यासमोर एका वेळी एकच रुग्ण असतो. दोन सिस्टर आणि चाळीस कॉट अशी रात्र त्याने काढलेली नाही. पण मग शेवटचा भाग येतो. बेमॅक्सवरच वेळ येते आणि त्याने ज्यांची काळजी घेतली ती सगळी माणसं एकेक करून त्याच्या मदतीला धावतात. इथे मला पदर डोळ्यांना लावावा लागला. २०२१ मध्ये मी स्वतः कोविडने अकरा दिवस ॲडमिट होते. माझ्या हातून टाके काढून गेलेला एक रिक्षावाला अकराही दिवस घरून भाताची पेज करून गेटपर्यंत आणून द्यायचा. वॉर्डबॉय डबा आत आणायचा. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असायचं, ‘सिस्टर’. माझं नाव त्याला माहीतच नव्हतं.

आम्ही ही मालिका इंग्रजीत पाहिली आणि मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले. निघण्यापूर्वी बेमॅक्स प्रत्येकाला विचारतो की, मिळालेल्या सेवेने तुमचं समाधान झालं का. हो म्हटल्याशिवाय तो बंद होत नाही. हे शब्द मराठीत अडले. मग वाटलं, हे तर आपण रोज विचारत होतो, सलाईन लावून झालं, पांघरूण नीट केलं की: “बरं वाटतंय का आता? जाऊ मी?” मुलांना ते लगेच कळलं. मराठीत आवाज देणारी इतकी गुणी माणसं आहेत. हे सहा भाग, सगळे मिळून तासाभराचे, मराठीत आले तर खेड्यातल्या शाळांतही लावता येतील. आशाताई आणि आरोग्यसेविकांना पाळीवर बोलायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न नेहमी पडतो. सोफियाच्या भागाने ती सुरुवात होईल.

लेखकांना माझी एवढीच विनंती आहे की पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा ‘किको’ आणि ‘सोफिया’ हे दोन भाग आधी पाहावेत. जमलं तर घरातल्या मुलांना शेजारी बसवून.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अधिपरिचारिका, मिरज